आरतीला येणाऱ्या उमेदवाराला विचारायचा प्रश्न

मंडळाचे अध्यक्ष, कार्यकारिणी आणि कनेक्टिकटमधले मराठी मतदार यांना,

स. न. वि. वि.

कार्यकारिणीचं ईमेल मिळालं. यंदा निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे गणेशोत्सवात उमेदवार आरतीला येणार, स्टेजवर दोन मिनिटं बोलणार, आणि सभासदांनी त्यांना विचारायचे प्रश्न आधी पाठवावेत, असं त्यात आहे. नमुन्यादाखल चार प्रश्नही दिलेत: एच-वन, ग्रीन कार्डाची रांग, दिवाळीची शाळेला सुट्टी, छोट्या धंद्यांवरचा कर. चारही रास्त. आईबाप रांगेतच आणि पोराला एकवीस पूर्ण झाली, म्हणजे त्यांच्याबरोबरची त्याची रांगेतली जागा कशी जाते ते आपल्यातल्या किती तरी घरांना माहीत आहे. माझा मात्र एक पाचवा प्रश्न आहे आणि तो ईमेलच्या दोन ओळींत मावेना, म्हणून हे खुलं पत्र.

प्रश्न असा: बंदुका बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या धंद्याला काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या संसदेनं, २००५ साली दिवाणी खटल्यांपासून जे कवच दिलं, ते काढून घेणाऱ्या विधेयकाच्या बाजूनं तुम्ही मत देणार का? नसाल देणार, तर गोळी लागलेल्या माणसानं भरपाई कोणाकडे मागायची?

‘मंडळात राजकारण नको’ हे वाक्य आता कोणाच्या तरी ओठांवर आलं असेल. मंडळ पाचशेएक-सी-तीन, म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहे, आपण कुणा एकाचा प्रचार करू शकत नाही, हे मला ठाऊक आहे. पण सगळ्या उमेदवारांना एकच प्रश्न विचारायला कायद्याची आडकाठी नाही. दिवाळीच्या सुट्टीचा प्रश्न विचारतो तसाच हाही विचारायचा.

आता या प्रश्नाचं मलाच एवढं का पडलंय? हार्टफर्डमध्ये आपल्यातले निम्मेअधिक लोक विम्याच्या कंपन्यांच्या जीवावर घर चालवतात. मीही त्यातलाच. निवृत्त होईपर्यंत माझं सगळं काम प्रॉडक्ट लायबिलिटीच्या क्लेम सिस्टिमवर झालं. एखाद्या वस्तूनं कोणाला इजा केली, त्यानं कंपनीवर दावा लावला, तर पैसे किती बाजूला काढून ठेवायचे, किती द्यावे लागले, पुढच्या वर्षी त्या कंपनीचा प्रीमियम किती वाढवायचा, हे सगळं आमच्या पडद्यांवरून जायचं. कोड लिहिता लिहिता फायली वाचायची खोड लागली. त्यामुळे अमेरिकेत वस्तू सुरक्षित कशा होतात, ते मी मागच्या दारानं पाहिलंय.

अॅल्युमिनियमची घडीची शिडी घ्या. तिच्यावर किती स्टिकर असतात ते कधी मोजलेत? किती वजन पेलेल, कुठल्या पायरीवर उभं राहायचं नाही, विजेच्या तारेपासून किती लांब धरायची, कोपरा कुठे टेकवायचा. ही काही कारखानदाराला अचानक झालेली माया नाही. कोणी तरी पडला, कोणी तरी दावा लावला, ज्यूरीनं पैसे दिले, आणि पुढच्या वर्षी अंडररायटरनं, म्हणजे विमा कंपनीत धोका जोखणाऱ्यानं, कारखानदाराकडे प्रश्नांचा कागद पाठवला: वरची पायरी अशीच का, रिव्हेट कुठला, तक्रारी आल्या त्यांचं काय केलंत? उत्तर नीट नसेल तर प्रीमियम दुप्पट, नाही तर पॉलिसीच बंद. सरकारी इन्स्पेक्टर वर्षातून एकदा येईल किंवा येणारही नाही. विमावाला दर वर्षी येतो आणि पैशाच्या भाषेत बोलतो, जी कारखानदाराला ताबडतोब समजते.

बंदुकीच्या बाबतीत हे दोन्ही रस्ते बंद आहेत. ग्राहकोपयोगी वस्तूंची सुरक्षा पाहणारा जो केंद्रीय आयोग आहे, त्याला खेळणी, टोस्टर, पाळणे, सायकलची हेल्मेटं, सगळ्यांवर नजर ठेवता येते. बंदुका आणि काडतुसं मात्र १९७० च्या दशकात तो आयोग जन्माला आला तेव्हापासूनच त्याच्या हद्दीबाहेर ठेवलेली आहेत. उरला कोर्टाचा रस्ता. तो २००५ साली बंद झाला.

बंद कसा झाला, ते थोडक्यात सांगतो. १९९८ मध्ये आधी न्यू ऑर्लिन्सनं आणि मग शिकागोनं बंदूक कंपन्यांवर दावे लावले. पाठोपाठ तीसच्या वर शहरं आणि काउंट्या आल्या. त्यांचं म्हणणं ‘तुम्ही बंदूक बनवता’ एवढंच नव्हतं. ‘कुठल्या दुकानातून माल गुन्हेगारांकडे जातो हे तुम्हाला कळत असतं, आणि तरी त्याच दुकानाला तुम्ही माल पुरवत राहता’ असं होतं. हे म्हणणं हवेतलं नव्हतं. बंदुकांचा माग काढणाऱ्या केंद्रीय खात्यानं, एटीएफनं, २००० साली स्वतःच सांगितलं होतं की गुन्ह्यात सापडून माग काढलेल्या बंदुकांपैकी ५७ टक्के बंदुका अवघ्या १.२ टक्के विक्रेत्यांपर्यंत जाऊन पोचतात. म्हणजे शंभरातलं एक दुकान. कुठलाही विमावाला हा आकडा बघून आधी त्या एका दुकानाचं नाव विचारेल. काँग्रेसनं उलटं केलं. २००३ पासून अशी माहिती बाहेर द्यायलाच खर्चाच्या विधेयकांतून लगाम घातला.

त्यातले बरेचसे दावे कोर्टांनी स्वतःच फेटाळले, हेही सांगायला हवं. ब्रुकलिनमध्ये १९९९ साली एका ज्यूरीनं काही कंपन्यांना निष्काळजी ठरवलं होतं. न्यूयॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठानं २००१ मध्ये ते मान्य केलं नाही. शिकागोचा दावा इलिनॉयच्या सुप्रीम कोर्टानं २००४ मध्ये काढून टाकला. म्हणजे पोकळ दावे गाळणारी चाळणी कोर्टात होती आणि ती चालतही होती. मग खास कायद्याची गरज का पडली? माझ्या मते, काही दावे त्या चाळणीतून खाली पडत नव्हते म्हणून.

२००२ च्या ऑक्टोबरात वॉशिंग्टन डीसीच्या आसपास दोघा जणांनी गाडीच्या डिकीतून नेम धरून दहा माणसं मारली. आपल्यातले जे तेव्हा मेरिलँड-व्हर्जिनियात होते त्यांना आठवत असेल, पेट्रोल भरतानाही लोक गाडीच्या आडोशाला वाकून उभे राहायचे. ती बुशमास्टर रायफल पार पश्चिमेला, वॉशिंग्टन राज्यातल्या टकोमा शहरातल्या एका दुकानातून गेली होती. गेली म्हणजे विकली गेली नाही. ती कशी गेली याचा दुकानाकडे हिशेबच नव्हता. तपासणीत त्या दुकानातल्या २३८ बंदुकांचा पत्ता लागला नाही. २००४ मध्ये दुकानानं २० लाख आणि बुशमास्टर कंपनीनं साडेपाच लाख डॉलर देऊन तडजोड केली. पुढच्याच वर्षी, २६ ऑक्टोबर २००५ रोजी, अध्यक्ष बुश यांनी शस्त्रव्यापाराला संरक्षण देणाऱ्या कायद्यावर सही केली. गुन्हेगारानं बंदुकीचा गैरवापर केला म्हणून बनवणाऱ्यावर किंवा विकणाऱ्यावर दावा चालणार नाही, आणि जे चालू आहेत तेही तिथल्या तिथे काढून टाकायचे, असं त्यात लिहिलं आहे. सहा अपवाद आहेत. बंदुकीतच दोष असला तर, ती देऊ नये अशा माणसाच्या हाती जाणूनबुजून दिली तर, विक्री किंवा जाहिरातीचा एखादा कायदा जाणूनबुजून मोडला तर, वगैरे. गेली वीसेक वर्षं सगळी लढाई या अपवादांच्या फटीतून चाललेली आहे.

या फटीतून काय निघू शकतं, हे आपल्याच राज्यात दिसलं.

१४ डिसेंबर २०१२ ची सकाळ इथे कोणालाच नव्यानं सांगायला नको. न्यूटाउनच्या सँडी हूक शाळेत वीस मुलं आणि सहा मोठी माणसं गेली. बंदूक धंद्याच्या देशव्यापी संघटनेचं मुख्यालय तेव्हा न्यूटाउनमध्येच होतं, शाळेपासून तीन मैलांच्या आत. मारेकऱ्यानं वापरलेली बुशमास्टर त्याच्या आईनं कायदेशीर विकत घेतली होती. त्यानं पहिली गोळी तिलाच घातली. म्हणजे दुकानदाराची चूक नाही, बंदुकीत दोष नाही, खरेदीची कागदपत्रं चोख. २००५ च्या कायद्यापुढे ही केस उभीच राहू नये. नऊ कुटुंबांनी तरी दावा लावला. खालच्या कोर्टानं २०१६ मध्ये तो काढून टाकला.

त्यांच्या वकिलांनी धरलेला धागा जाहिरातीचा होता. पुरुषांच्या एका मासिकात बुशमास्टरची जाहिरात आली होती: रायफलचं चित्र, आणि त्यावर, तुमचं मर्दपणाचं कार्ड पुन्हा जारी झालं असं समजा. कनेक्टिकटमध्ये ग्राहकांची दिशाभूल आणि अनैतिक जाहिरातबाजी रोखणारा जुना कायदा आहे. लष्करी धाटणीची बंदूक सैरभैर तरुण पोरांना अशा शब्दांत विकणं हा त्या कायद्याचा भंग नाही का, असा त्यांचा सवाल होता. आपल्या राज्याच्या सुप्रीम कोर्टानं मार्च २०१९ मध्ये ४ विरुद्ध ३ मतांनी सांगितलं, की एवढ्या एका मुद्द्यावर केस पुढे चालू द्या. बाकीचे मुद्दे फेटाळले. कंपनी वॉशिंग्टनला गेली. देशाच्या सुप्रीम कोर्टानं त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये दखल घ्यायला नकार दिला.

मग कागद बाहेर यायची वेळ आली. आपल्या धंद्यात याला डिस्कव्हरी म्हणतात आणि प्रतिवादीचा खरा चेहरा तिथेच दिसतो. रेमिंग्टननं (बुशमास्टर त्यांचाच ब्रँड) फिर्यादींकडे जी फाइल पाठवली तिच्यात हजारो कार्टूनची चित्रं आणि फालतू व्हिडिओ भरलेले निघाले. आणि २०२१ मध्ये कंपनीच्या वकिलांनी समन्स काढून शाळेकडून मेलेल्या मुलांची हजेरी, प्रगतिपुस्तकं आणि शिस्तीच्या नोंदी मागवल्या. पहिलीतल्या मुलांच्या. मी पुष्कळ बचाव पक्ष पाहिलेत, भरपाई कमी करण्यासाठी माणूस काय काय खोदतो याची मला कल्पना आहे. पण सहा-सात वर्षांच्या पोराच्या शिस्तीच्या नोंदीतून कुठला मुद्दा काढणार होते, हे मला आजवर उमगलेलं नाही.

फेब्रुवारी २०२२ मध्ये तडजोड झाली, ७ कोटी ३० लाख डॉलरची. आता विमा कंपन्यांत काम करणाऱ्या मंडळींनी इथे जरा थांबावं. हे पैसे रेमिंग्टननं दिले नाहीत. ती तर २०१८ मध्ये एकदा आणि २०२० मध्ये दुसऱ्यांदा दिवाळखोरीत गेली होती. पैसे दिले तिच्या चार विमा कंपन्यांनी, आणि पॉलिसीची जेवढी मर्यादा होती तेवढे सगळे दिले. वर कुटुंबांनी अट घातली, की कंपनीचे आतले कागद, जाहिराती कशा आखल्या त्यासकट, जाहीर करता यायला हवेत. चार अंडररायटरांच्या टेबलांवर त्या आठवड्यात काय चर्चा झाली असेल, याची कल्पना मी घरबसल्या करू शकतो. पुढची बंदूक कंपनी पॉलिसी मागायला आली की प्रश्नांच्या कागदात एक नवा रकाना असणार: जाहिराती दाखवा.

मला एवढंच हवंय. कंपन्या बुडाव्यात असं नाही, तो रकाना कागदावर यावा.

‘रेमिंग्टन खटल्यानं बुडाली’ असं व्हॉट्सॅपवर फिरतं, म्हणून सांगतो: पहिली दिवाळखोरी राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाच्या वर्षभर आधीची आहे. डोक्यावर कर्जाचा डोंगर होता, आणि ट्रम्प निवडून आल्यावर ‘आता बंदुकांवर बंदी येणार’ ही भीती गेल्यामुळे खपही पडला होता. कंपनीचा मालक होता एक गुंतवणूक फंड, आणि त्या फंडात कॅलिफोर्नियाच्या शिक्षकांच्या पेन्शनचे पैसे होते. सँडी हूकनंतर त्या शिक्षकांनी डोळे वटारले तेव्हा फंडानं चार दिवसांत कंपनी विकायला काढत असल्याचं जाहीर केलं. आपापल्या फोर-ओ-वन-केमध्ये, निवृत्तीच्या बचतीत, काय काय आहे, हे आपणही एकदा उघडून बघायला हरकत नाही. ते असो.

आता मेक्सिको. या केसकडे आपल्या मंडळींचं फारसं लक्ष गेलेलं नाही. वास्तविक तिचा एक पाय आपल्या वेस्ट हार्टफर्डमध्ये आहे. मेक्सिको सरकारनं ऑगस्ट २०२१ मध्ये बॉस्टनच्या केंद्रीय कोर्टात स्मिथ अँड वेसन, कोल्ट, बॅरेट, ग्लॉक वगैरे अमेरिकन बंदूकवाल्यांवर दावा लावला. त्या देशात बंदुकीचं एकच दुकान आहे आणि ते वर्षाला ५० परवानेही देत नाही, असं निकालपत्रातच लिहिलंय. तरी तिथल्या टोळ्यांकडे बंदुकांचा पूर. गुन्ह्याच्या जागी सापडणाऱ्या बंदुकांपैकी ९० टक्क्यांपर्यंत अमेरिकेतून आलेल्या असतात, असं मेक्सिकोचं म्हणणं. कोल्टनं काढलेल्या एका पिस्तुलाचं नाव ‘सुपर एल हेफे’, म्हणजे मोठा साहेब. दुसऱ्यावर क्रांतिकारक एमिलियानो झपाटाचं चित्र आणि गुडघे टेकून जगण्यापेक्षा ताठ उभं राहून मेलेलं बरं, हे वाक्य कोरलेलं. २०१७ मध्ये चिवावात मिरोस्लावा ब्रीच या पत्रकार बाईंचा खून झाला तो अशाच झपाटा पिस्तुलानं, असं दाव्यात नमूद आहे. कोल्टचा कारखाना आपल्याकडचा. आता मालकी चेक कंपनीची असली तरी.

खालच्या कोर्टानं दावा काढला, बॉस्टनच्या अपील कोर्टानं २०२४ मध्ये पुन्हा जिवंत केला, आणि ५ जून २०२५ रोजी देशाच्या सुप्रीम कोर्टानं तो कायमचा बंद केला. नऊ विरुद्ध शून्य. निकाल लिहिला न्यायमूर्ती एलेना केगन यांनी, ज्यांना कोणी बंदूकवाल्यांची बाई म्हणणार नाही. त्यांचं म्हणणं असं, की काही दुकानदार बेकायदा विकतात हे कंपन्यांना ढोबळमानानं माहीत असणं आणि त्यांनी ते थांबवायला काही न करणं, याला गुन्ह्यात हातभार लावणं म्हणत नाहीत. कुठला दुकानदार, कुठला सौदा, कंपनीनं त्यात नेमकी काय मदत केली, हे दाव्यात दिसत नाही. झपाटाच्या पिस्तुलाबद्दल त्या लिहितात, की असला माल कायदा पाळणाऱ्या लक्षावधी हिस्पॅनिक अमेरिकनांनाही आवडू शकतो.

मला विचाराल तर निकाल बरोबर आहे. २००५ चा कायदा जसा लिहिलाय तसा वाचला तर दुसरा निकाल लागणं कठीण होतं, आणि उदारमतवादी न्यायमूर्तींनाही तेच दिसलं. म्हणून तर मी कोर्टाला पत्र लिहीत नाही, मतदारांना लिहितोय. गाठ कायद्यातच आहे. कायदा नसता तर मेक्सिको जिंकला असता का? बहुधा नाही. कारखाना ते घाऊक विक्रेता ते दुकान ते दलाल ते सीमापार टोळी, ही साखळी फार लांब आहे. पण दुकानांची यादी, कंपन्यांचे आतले ईमेल, कुठल्या दुकानातून वारंवार गुन्ह्यातली बंदूक निघते याच्या नोंदी, हे सगळं टेबलावर आलं असतं. कंपनीनं ‘त्या दुकानाला माल बंद’ असं एक पत्र लिहायला काय खर्च येतो, हा प्रश्न एखाद्या ज्यूरीपुढे गेला असता.

ज्यूरी म्हणजे डोकं फिरलेली गर्दी नव्हे, हे सांगायला मिलवॉकीचं उदाहरण पुरेसं आहे. २००९ मध्ये तिथल्या एका दुकानात एक जण पिस्तूल घ्यायला आला. सोबत अठरा वर्षांचं पोरगं. कुठलं घ्यायचं ते पोरगंच दाखवतंय. खरेदीच्या सरकारी फॉर्मवर प्रश्न असतो, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठीच घेताय ना? त्यानं आधी ‘नाही’वर खूण केली होती. मग ती बदलण्यात आली आणि विक्री झाली. महिनाभरानं त्या पोरानं त्याच पिस्तुलानं दोघा पोलिसांच्या तोंडावर गोळ्या झाडल्या. दोघं वाचले, पण कसे वाचले ते विचारू नका. २०१५ मध्ये ज्यूरीनं तो फॉर्म आणि दुकानाच्या कॅमेऱ्याचं चित्रण पाहिलं आणि दुकानाला सुमारे ६० लाख डॉलरचा भुर्दंड लावला. हे २००५ च्या कायद्याच्या अपवादात बसलं म्हणून. दावा लावणारे पोलीस होते, हेही लक्षात ठेवा. पोलिसांचं नाव घेऊन बंदुकीची बाजू मांडणारे आपल्यात कमी नाहीत.

उलट बाजूला कोलोरॅडो. ऑरोरातल्या सिनेमागृहात २०१२ साली मुलगी गमावलेल्या आईबापांनी ऑनलाइन काडतुसं विकणाऱ्यांवर दावा लावला. मारेकऱ्यानं हजारो गोळ्या घरबसल्या मागवल्या होत्या, कोणी एक प्रश्न विचारला नव्हता. २०१५ मध्ये दावा फेटाळला गेला, आणि राज्याच्या एका कायद्याप्रमाणे विक्रेत्यांच्या वकिलांची फी, दोन लाख डॉलरच्या वर, त्या आईबापांच्या माथी मारण्यात आली. त्यांना दिवाळखोरी जाहीर करावी लागली. कोलोरॅडोनं तो कायदा २०२३ मध्ये रद्द केला.

इथे आपल्यातले काही जण हमखास एक वाक्य टाकतात, पॉटलकमध्ये मी ते कितीदा ऐकलंय: ‘सुरीनं खून झाला तर सुरी बनवणाऱ्याला फाशी देणार का?’ नाही देणार. फाशीचा विषयच नाही, हे दिवाणी दावे आहेत. आणि २००५ चा कायदा उद्या रद्द झाला तरी सुरीवाला असो की बंदूकवाला, निव्वळ माल बनवला म्हणून कोणी त्याच्यावर दावा जिंकणार नाही. सुरीवाल्यानं मात्र ‘ही घ्या आणि मर्द व्हा’ अशी जाहिरात केली, किंवा पुढच्या गल्लीतला दुकानदार दर आठवड्याला चाळीस सुऱ्या एकाच गुंडाला विकतोय हे माहीत असून त्यालाच माल पाठवत राहिला, तर त्याला कोर्टात खुलासा करावा लागेल. आज तो सुरीवाल्याला करावा लागतो, बंदूकवाल्याला मात्र एखाद्या अपवादाच्या फटीत सापडला तरच. दारू पिऊन झिंगलेल्याला बारटेंडरनं आणखी एक पेग भरून दिला आणि त्यानं बाहेर जाऊन कोणाला उडवलं, तर आपल्या कनेक्टिकटमध्ये बारवर दावा होतो. बारचा विमाही त्यासाठी असतो.

दुसरा आक्षेप जास्त विचार करून घेतलेला असतो: सरकारनं इतरही धंद्यांना असं संरक्षण दिलंय, लसींचंच बघा. बरोबर. १९८६ मध्ये लस बनवणाऱ्यांवरचे दावे काँग्रेसनं आवरले, नाही तर कंपन्या लसी बनवणंच सोडून देत होत्या. पण तेव्हा सोबत एक निधीही उभा केला. आजाराप्रती ७५ सेंट याप्रमाणे प्रत्येक डोसवर कर लागतो, आणि लसीमुळे खरोखर इजा झालेल्याला त्या निधीतून भरपाई मिळते. कंपनीचं दार बंद केलं, पण माणसाला दुसरं दार दिलं. बंदुकीच्या बाबतीत कंपनीला कवच मिळालं आणि माणसाला भिंत. प्रत्येक बंदुकीमागे दोन डॉलर घेऊन निधी काढा, असं एखादा उमेदवार म्हणाला तर मी त्याच्याशी बोलायला तयार आहे. अजून कोणी म्हणालेलं माझ्या कानावर नाही.

टेक्सासमधल्या, ॲरिझोनातल्या आपल्या मित्रांना, ज्यांच्या घरी बंदूक आहे आणि जे शनिवारी रेंजवर जातात, त्यांच्याशी माझं भांडण नाही. भारतात निवडणूक आली की परवानाधारकांनी आपली हत्यारं पोलीस ठाण्यात नेऊन जमा करायची, हे बघत आपण वाढलो. इथे शस्त्र बाळगण्याचा हक्क देणारी दुसरी घटनादुरुस्ती आहे आणि ती इथेच राहणार आहे. दाव्यांनी कोणाच्या कपाटातली बंदूक जात नाही. झालंच तर चाप सहज दाबला जाऊ नये, मुलाच्या हाती पडली तर चालू नये, अशा सोयी बंदुकीत येतील. स्मिथ अँड वेसननं मार्च २००० मध्ये क्लिंटन सरकारशी असा करार केलाही होता, शहरांच्या दाव्यांचा दाब होता म्हणून. ग्राहकांनी आणि इतर कंपन्यांनी तिच्यावर असा बहिष्कार टाकला, की पुढच्या वर्षी ब्रिटिश मालकानं ती दीड कोटी डॉलरला फुंकून टाकली. त्यानं १९८७ मध्ये ती अकरा कोटींहून जास्त देऊन घेतली होती. एका कंपनीनं एकटीनं शहाणपणा केला तर तिचं काय होतं, ते त्या धंद्यानं तेव्हा पाहिलं. म्हणून नियम सगळ्यांना एकच हवा, आणि तो केंद्रातून.

राज्यं आपापल्या परीनं फट रुंद करतायत. न्यूयॉर्कनं २०२१ मध्ये कायदा केला, की विक्रीत वाजवी काळजी घेतली नाही तर राज्य आणि पीडित दावा लावू शकतात. बंदूक संघटनेनं त्याला आव्हान दिलं, आणि जुलै २०२५ मध्ये केंद्रीय अपील कोर्टानं कायदा टिकवला. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया, इलिनॉय त्याच वाटेनं गेले, २०२५ मध्ये आपलं राज्यही गेलं. आणि इंडियानात? गॅरी शहरानं १९९९ मध्ये लावलेला दावा पंचवीस वर्षं तग धरून होता, तर २०२४ मध्ये विधानसभेनं मागच्या तारखेपासून लागू होणारा कायदा करून शहराचा दावा लावायचा अधिकारच काढून घेतला. म्हणजे तुम्हाला गोळी कुठल्या राज्यात लागते यावर सगळं अवलंबून.

आपल्या नातवंडांच्या शाळेत लॉकडाऊनचा सराव होतो. वर्गाच्या दारावरच्या काचेला आतून गुंडाळलेला काळा कागद असतो, बाईंनी दोरी ओढली की तो खाली पडतो, आणि पोरं कपाटापाशी कोपऱ्यात आवाज न करता बसतात. आपली रविवारची मराठी शाळा भरते त्या वर्गातही तो कागद आहे, बाराखडीच्या तक्त्याशेजारी. मुलांच्या बाजूनं सगळी तयारी झालीय. धंद्याच्या बाजूनं काय तयारी आहे, एवढाच माझा प्रश्न आहे.

तेव्हा कार्यकारिणीला विनंती अशी. २००५ चा कायदा रद्द करण्याचं विधेयक काँग्रेसमध्ये वारंवार येतं. सिनेटमध्ये ते पुढे रेटणाऱ्यांत आपलेच सिनेटर ब्लुमेंथल आहेत. पण इतरांचं मत कळायला हवं, आणि दोन्ही पक्षांच्या उमेदवारांचं. वरचा प्रश्न आहे तसा, एकही शब्द न गाळता, लेखी पाठवावा आणि उत्तरंही लेखी मागावीत. आलेली उत्तरं कोणाचीही बाजू न घेता मंडळाच्या पत्रिकेत जशीच्या तशी छापावीत. ज्यांनी उत्तर दिलं नाही त्यांच्या नावापुढे ‘उत्तर आलं नाही’ एवढंच लिहावं. स्टेजवर विचारायला वेळ नसेल तर नका विचारू. आरती लांबली की सगळ्यांनाच प्रसादाची घाई होते, याची मला कल्पना आहे.

प्रश्नाचं इंग्रजी मी करून देईन, हवं तर पोस्टेजही मी भरीन. आणि कार्यकारिणीत कोणाचा विरोध असेल तर त्यांनी तो याच ईमेलच्या यादीवर सर्वांसमोर मांडावा. मी उत्तर देईन.

कळावे, लोभ असावा.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद
वेस्ट हार्टफर्ड, कनेक्टिकट